गच्चीवरचा ईस्टर, इंदूर २०२५ : प्रकल्प नोंदी

२३ मार्च, रविवार

यंदा ईस्टर २० एप्रिलला. हातात चार आठवडे आहेत. लेक पाच वर्षांची झाली. गेल्या वर्षीपर्यंत तिला नवा फ्रॉक आणि गोड खाऊ एवढंच कळत होतं, आता प्रश्न विचारते आणि उत्तर लक्षातही ठेवते. त्यामुळे यंदा नीट करायचं ठरवलंय, आणि करता करता लिहून ठेवायचं. उष्ण गावात, शाकाहारी घरात, छोट्या मुलासोबत ईस्टर करणाऱ्या आणखी कुणाला उपयोग होईल.

घरची परिस्थिती आधी सांगते, कारण पुढचे निम्मे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. माझं माहेर नगरचं, ख्रिस्ती. (नगरचं आता अहिल्यानगर झालं. इंदूरकरांना वाटतं आम्ही त्यांच्या बाईंचं नाव उचललं. बाई मुळात चौंडीच्या, नगर जिल्ह्यातल्याच, हे सासरी अधूनमधून सांगावं लागतं.) सासर इंदूरला राजेंद्रनगरमध्ये, मराठी, शाकाहारी. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. यावर आमच्यात भांडण नाही, तह आहे : अंडं गच्चीवर, वेगळ्या भांड्यात, इंडक्शनवर, आणि फ्रिजमध्ये नाही.

कामं अशी : कागदाची अंडी लपवून शोधायला, खरी अंडी रंगवायला, मार्झिपॅनची (सुकामेवा वाटून साखरेसोबत केलेल्या गोळ्याची) खायला. शिवाय झावळ्यांचे क्रूस, गुड फ्रायडेचे बन, आणि परातीत एक बाग, जिच्यात कबर आणि कबरेच्या तोंडावर धोंड. ही बाग माझ्या आईने आम्हाला कधी करून दिली नव्हती. पण येशूचं मरण, कबर आणि पुन्हा उठणं ही तीन दिवसांची गोष्ट पाच वर्षांच्या मुलीला तोंडी सांगण्यापेक्षा तिच्या हाताखाली मांडून दिलेली बरी, असं मला वाटतं.

आज फक्त दोन गोष्टी केल्या. प्लॅस्टिकची उघडमीट होणारी अंडी ऑनलाइन मागवली, ३४९ रुपये. नवऱ्याने चॉकलेटची छोटी अंडी मागवली, ४२० रुपये. चॉकलेटचं मी नको म्हणत होते.

२९ मार्च, शनिवार

प्लॅस्टिकची अंडी आली. बिजागरी इतकी पातळ की लेकीने दोनदा उघडली आणि तिसऱ्यांदा दोन तुकडे हातात. परत करायला गेलो तर मुदत उलटलेली. पैसे गेले.

म्हणून कागदाच्या लगद्याकडे वळलो. रंगपंचमीला आणलेले पाण्याचे फुगे उरले होते. ते छोट्या पंपाने मोठ्या लिंबाएवढे फुगवले, वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून गुंडाळल्या, आणि लवकर वाळावं म्हणून गच्चीवर उन्हात ठेवले. तासाभरात फट् फट् आवाज. उन्हाने आतली हवा फुगते, ओला कागद तडकतो. जे टिकले त्यांचे फुगे रात्री गार होऊन आकसले आणि कागद आत ओढला गेला. सकाळी बघितलं तर सगळी पोचे आलेली.

दुरुस्ती : वाळवण घरात, पंख्याखाली, दोरीला टांगून. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, म्हणजे मध्ये एक रात्र. फुगा फोडताना गाठ कापायची नाही, गाठीजवळ सुई टोचायची. हवा सावकाश निघते, रबर कागदापासून सुटत जातं, अंडं गोल राहतं. खळीत चमचाभर मीठ घातलं तर बुरशी धरत नाही. बुकबाइंडर मोरचूद घालतात, पण लहान मूल असलेल्या घरात ते विष कशाला?

लेकीला या कामात सगळ्यात आवडलं ते पट्ट्या फाडणं. कात्री दिली तर कंटाळते, फाडायला दिलं तर अख्खा पेपर संपवते. फाटक्या कडा चिकटतातही चांगल्या.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी, कडुनिंब, श्रीखंड. ईस्टरचं काम बंद. फक्त एक नोंद : गुढीची साखरेची गाठी खाली उतरवताना लेकीने विचारलं, ही अंड्यात बसेल का? बसते. एकेक पदक सुटं केलं तर कागदी अंड्यात दोन मावतात, आणि इंदूरच्या उन्हात गाठी वितळत नाही. डबा भरून ठेवली.

५ एप्रिल, शनिवार

बागेसाठी हिरवळ हवी. नवरात्रात घटाखाली गहू रुजतात तसे रुजवायचे, असा बेत होता. माती पसरून भिजवलेले गहू पेरले, गॅलरीत ठेवले. दुपारी गॅलरीत उभं राहवत नाही, तिथे त्या कोंबांनी काय करावं? टोकं पिवळी पडली आणि परातीच्या कडेची माती भेगाळली.

सासूबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "दिवाळीच्या किल्ल्याला गहू लावतो का आपण? हळीव लाव."

बरोबर आहे. हळिवाचं बी ओलं झालं की बुळबुळीत होऊन जागीच चिकटतं, उतारावरून घसरत नाही, आणि चार दिवसांत हिरवं होतं. सियागंजला किराण्याच्या दुकानात हळीव म्हटलं तर माणूस बघत राहतो, असालिया म्हणा. शंभर ग्रॅम ४० रुपये. त्यातलं चमचाभरच लागतं, बाकीचे लाडू होतात.

८ एप्रिल, मंगळवार

हळिवाची चाचणी. एक ताटली गॅलरीत, एक कूलरच्या वाऱ्यात. हळीव खरं तर थंडीतलं, दिवाळीला ते बिनबोभाट येतं. गॅलरीतलं उगवलं पण दुपारी मान टाकली. कूलरजवळचं ताठ उभं आहे. म्हणजे खरी पेरणी १४ तारखेला, आणि परात कूलरच्या खोलीतच. आधी पेरलं तर ईस्टरपर्यंत लांब होऊन आडवं पडेल.

चॉकलेटची अंडी आज आली. पाकिटात एकच मोठं अंडं झालं होतं, चपटं. तुकडे करून दुधात घालणं चालू आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

मार्झिपॅन. मूळ कृती बदामाची. आमच्याकडे काजूची चालत आली आहे, आईकडून मिळालेली : काजूची पूड, पिठीसाखर, अंड्याचा पांढरा बलक, गुलाबपाणी. इथे दोन अडचणी. बलक कच्चा, आणि तो स्वयंपाकघरात येणार नाही. गच्चीवर मळायचं तर दुपारी काजूला तेल सुटतं.

बलकाऐवजी आधी दूध घालून पाहिलं. गोळा सैल झाला, साच्यातून सुटेना, आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास. पाव किलो काजूंपैकी निम्मे त्यात गेले. बाजारभाव बघता ते जिवाला लागलं.

मग सासूबाईंना सरळ विचारलं. त्यांनी कृती ऐकली आणि म्हणाल्या, "म्हणजे काजूकतलीच ना? मग पाक कर की." उरलेल्या काजूंवर त्यांनीच हात फिरवला. काजू अर्धा तास फ्रीजरमध्ये. मग मिक्सरला थांबत थांबत फिरवून चाळून घेतले, सलग फिरवले तर लगदा होतो. काजूच्या निम्म्या वजनाची साखर, ती भिजेल एवढंच पाणी, एकतारी पाक. त्यात पूड, मंद आचेवर कडा सोडेपर्यंत. ताटात काढून कोमट असताना तुपाच्या हाताने मळायचं. इथे घाई हवी : कोमट असताना साच्यात दाबलं तर नक्षी उठते, गार झाल्यावर दाबलं तर तडे जातात.

साचे आईने नगरहून पाठवलेले, रबराचे, अर्ध्या अंड्याचे. दोन अर्धी पाकाच्या थेंबाने जोडली. रंगासाठी बीटाचा रस घालून बघितला, गोळा पुन्हा सैल. पिस्त्याची पूड आणि केशर चाललं, कारण त्यांत पाणी नाही. वर पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाची नक्षी, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून काढलेली. लेकीने प्रत्येक अंड्यावर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. आजीच्या अंड्यावरसुद्धा.

चव? काजूकतलीचीच. आईला फोनवर तसं सांगितलं नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार (पाम संडे, ईस्टरच्या आधीचा)

सासूबाईंचा दरवर्षीचा प्रश्न : तुमच्या या सणाची तारीख का पळते? २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार. इ. स. ३२५ च्या निकाया धर्मसभेपासून ईस्टर सगळ्यांनी एकाच रविवारी करायचा असं ठरलं, तरी पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या मंडळ्यांची पंचांगं वेगळी असल्याने तारखा बहुतेक वेळा वेगवेगळ्या पडतात. यंदा दोघांचा एकाच दिवशी. सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उघडलं. काल हनुमान जयंती झाली, चैत्री पौर्णिमा. "मग आज का नाही?" पौर्णिमा आज पहाटेपर्यंत होती, खुद्द रविवारीच पडली, आणि अशा वेळी पुढचा रविवार धरतात. हे त्यांना झटकन पटलं. तिथीची कटकट त्यांना नवी नाही.

झावळ्या : खजुरीच्या पानांचे झाडू बांधणाऱ्या बाईंकडून ताजी पानं घेतली, २० रुपये. ओल्या पंचात गुंडाळून ठेवायची. उघडी ठेवली तर दोन तासांत कडक होतात आणि दुमडताना फाटतात. टोकाचा काटा आधी कापायचा, तो डोळ्यात जाण्यासारखा असतो. क्रूसाची घडी : हातभर लांब पातं अर्ध्यापेक्षा थोडं खाली आडवं मोडायचं, आडव्या पट्टीचा एक हात मागे दुमडून पुन्हा पुढे आणायचा, आणि उरलेलं टोक मधल्या चौकटीवर तिरपं फिरवून मागच्या फटीत खोचायचं. फुलीची गाठ घट्ट बसली की क्रूस सुटत नाही. पाच वर्षांच्या हातांना खोचणं जमत नाही, दुमडणं जमतं. म्हणून तिने दुमडायचं, मी खोचायचं.

आम्ही जातो तिथे उपासना हिंदीत असते. लेकीला फक्त मिरवणूक आवडली. झावळी हलवायची परवानगी असलेला दिवस तिच्या दृष्टीने उत्तम. क्रूस घरी आणून गणपतीच्या तसबिरीच्या शेजारी खोचले आहेत. पुढच्या वर्षी सुकलेल्या झावळ्या चर्चमध्ये परत द्यायच्या, त्यांचीच राख भस्म बुधवारी कपाळावर लावतात.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी. महूकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला, त्यामुळे कुठे गेलो नाही, दिवसभर बाग केली.

साहित्य : जुनी मोठी परात, कुंडीतली चाळलेली माती, आडवा ठेवायला मातीचा करवा (३० रुपये), त्याच्या तोंडावर बसेल असा चपटा गोल दगड, तीन क्रूसांसाठी डाळिंबाच्या काटक्या. करव्याचं तोंड परातीच्या कडेच्या आत चार बोटं तरी हवं, नाहीतर दगड बाजूला सरकवल्यावर खाली पडतो. आमचा पडला, फरशीचा टवका उडाला. करव्यावर ओल्या मातीचा लेप देऊन टेकडी केली. त्यावर हळीव, वर ओलं फडकं, परात कूलरच्या खोलीत.

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं. मग लेक दिवाळीच्या किल्ल्याचा खोका घेऊन आली.

मत्तयाच्या शुभवर्तमानात कबरेवर पहारा बसवल्याचं आहे. मी तिला तेवढं सांगितलं होतं. तिने दोन मावळे भालेसकट कबरेच्या दाराशी उभे केले. सासूबाई दारातून बघत होत्या. "मावळे कुणाच्या बाजूने गं?" लेक म्हणाली, राजाच्या. "कुठल्या राजाच्या? ज्याने त्याला मारलं त्याच्या?" लेकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, रोमी सुभेदार पिलाताच्या हुकमावरून बसलेले पहारेकरी. "मग मावळे नाही चालायचे," सासूबाई ठाम. "मावळा असलं काम करणार नाही." नवऱ्याने मध्ये तोंड घालून औरंगजेबाच्या बाजूचे म्हणून रंगवू या, असं सुचवलं. कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटी पहारा वाघाला दिला. मावळे टेकडीमागे, बायकांना सोबत म्हणून. पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे जाणाऱ्या स्त्रिया, म्हणजे मरीया मग्दालीया आणि इतर, या किल्ल्याच्या सेटमधल्या गौळणी झाल्या. डोक्यावर घागरी आहेतच, त्यांत लवंगा टाकल्या. मी आईला फोटो पाठवला. तिचा मेसेज : "वाघ?"

सांगायचं एवढंच की बागेतली माणसं विकत आणू नका. मुलाच्या खोक्यात जे आहे त्याला कामं वाटून द्या. कोण कुठे उभं राहील यावर आमच्याकडे जितकं बोलणं झालं तितकं मी तासभर गोष्ट सांगून झालं नसतं.

१६ एप्रिल, बुधवार

खरी अंडी. आमच्याकडे पोल्ट्रीची पांढरी मिळतात, रंगवायला तीच बरी, गावठी बदामी अंड्यांवर निळा उठत नाही. दोन डझन, १४४ रुपये. उकडलेलं अंडं या उकाड्यात बाहेर तासाभराहून जास्त ठेवू नये, आणि फ्रिज तहानुसार बंद. त्यामुळे रिकामी करून रंगवायची. दाभणाने दोन्ही टोकांना भोक, एक जरा मोठं, आत सुई फिरवून बलक मोडायचा. तोंडाने फुंकायची गरज नाही. लेकीच्या औषधाची जुनी सिरिंज घेऊन वरच्या भोकातून हवा ढकलली की खालून सगळं वाडग्यात येतं. मग व्हिनेगरच्या पाण्याने धुवायचं. वाडग्यातल्याची गच्चीवर बुर्जी झाली, नवऱ्याने आणि शेजारच्या मुलांनी संपवली.

रंग तीन. कांद्याची टरफलं, महिनाभर साठवलेली. हळद. आणि लाल कोबी, चोइथराम मंडीतून, ७० रुपयांचा. प्रत्येक पाण्यात पेलाभराला मोठा चमचा व्हिनेगर.

रिकामं अंडं तरंगतं! हे कुठल्याही कृतीत लिहिलेलं नव्हतं. सगळी अंडी पाण्यावर पालथी, खालचा भाग रंगलेला, वरचा पांढरा. वाटीने दाबली तर दोन फुटली. उपाय सिरिंजनेच निघाला : त्याच रंगाचं पाणी अंड्यात भरायचं, मग ते बुडून बसतं. बाहेर काढल्यावर पाणी निथळवून उभं वाळवायचं.

१७ एप्रिल, गुरुवार

रात्रभर ठेवलेले रंग बघितले. कोबीचं पाणी जांभळं, अंडं मात्र निळं, आकाशासारखं. लेक ओरडली. कांद्याचा रंग विटकरी, सगळ्यात पक्का. हळद आधी भडक, वाळल्यावर फिकट, आणि ऊन लागलं की उडते, तेव्हा हळदीची अंडी सावलीत. आमच्या हाताशी कोथिंबीर होती : ओलं पान अंड्याला चिकटवून, जुन्या नायलॉनच्या मोज्यात घट्ट बांधून कांद्याच्या पाण्यात सोडलं. पानाचा पांढरा ठसा देठापर्यंत उमटला, शिरांच्या बाजूने थोडा रंग शिरलेला. कापड घट्ट नसेल तर नुसता डाग पडतो. मेणाच्या खडूने लिहून मग रंगवायचं तर रंग पूर्ण गार हवा, गरम पाण्यात अक्षर वितळतं.

ग्रीसमध्ये आजच्याच गुरुवारी अंडी लाल रंगवतात. आमची विटकरी त्याच्या जवळ जातात.

संध्याकाळी उद्याच्या बनचं सामान काढलं. मैदा अर्धा किलो, झटपट यीस्ट ७ ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, कोमट दूध पाव लिटरहून थोडं जास्त, अंड्याऐवजी दोन चमचे दही, लोणी, मनुका, दालचिनी-जायफळ.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

बन पहाटे पाचला. कृतीत फुगायला दीड तास लिहिला होता. इंदूरच्या एप्रिलमध्ये चाळीस मिनिटांत पीठ दुप्पट. पहिला घाणा कृतीवर विश्वास ठेवून केला, पीठ फुगून बसलं, बन चपटे आणि आंबट. दुसऱ्याला दूध गार घेतलं आणि घड्याळाकडे न बघता पिठाकडे बघितलं. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की ओव्हनमध्ये. वरच्या फुलीसाठी मैदा आणि पाणी, डोशाच्या पिठाहून घट्ट. पातळ केलं तर भाजताना गायब होतं. निघाल्या निघाल्या साखरपाण्याचा हात. सासूबाईंनी दोन खाल्ले. अंडं नाही ना, याची आधी खात्री करून घेतली.

उपासना बारा ते तीन, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर. पाच वर्षांच्या मुलीला तीन तास बसवणं हा छळ आहे, तिचाही आणि मागच्या बाकाचाही. दाराजवळ बसलो, दुसऱ्या उद्गारानंतर नवरा तिला घेऊन बाहेर गेला.

सासूबाई कालच म्हणाल्या होत्या, एवढ्याशा पोरीला खिळे कशाला सांगतेस? मी नाही सांगितले. "लोकांनी त्याला मारलं, त्याच्या मित्रांनी त्याला रडत रडत बागेतल्या कबरेत ठेवलं, दारावर धोंड लावली," एवढंच. घरी येऊन तिने एका छोट्या बाहुल्याला रुमालात गुंडाळलं, करव्यात ठेवलं आणि दगड लावला. मग विचारलं, "कृष्ण कुठे होता तेव्हा? त्याने का नाही वाचवलं?" दोन धर्मांच्या घरात हा प्रश्न येणारच. मी म्हटलं, ही वेगळ्या गावची गोष्ट आहे. तिला ते पुरलं, मला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

काही करायचं नाही, हाच या दिवसाचा कार्यक्रम. लेक दर तासाला विचारते, उघडू? नाही. हळीव बोटभर झालं आहे.

रात्री कागदी अंडी भरली : गाठी, राजगिऱ्याचे छोटे लाडू, चिक्की. भोक कागदाच्या पट्टीने बंद. गच्चीवर रात्री लपवायची नाहीत, मुंग्या लागतात. पहाटे लपवायची. बाहुला काढून धोंड बाजूला करायचं काम नवऱ्याकडे दिलं.

२० एप्रिल, ईस्टर

नवरा उठला नाही. मी साडेपाचला खाली आले तर धोंड बाजूला, करवा रिकामा, रुमाल घडी करून आत. सासूबाई साडेचारला उठतात. देवपूजा चालली होती, मान वर केली नाही.

लेक उठली, परातीसमोर बसली, करव्यात हात घातला. "गेला!" आणि लगेच : "कुठे?"

याचं उत्तर मी तयार ठेवलेलं नव्हतं. तुम्ही ठेवा. "प्रभू उठला आहे" म्हणायला मी तोंड उघडलं तोवर ती गच्चीवर पळाली. अंडी लपवलेली होती, पोरगी त्यांच्यावरून उड्या मारत बाहुला शोधत होती. कुंडीमागचं निळं अंडं हातात आलं तर बाजूला ठेवून पुढे. पाण्याची टाकी, झाडू, दोरीवरचे कपडे. शेवटी तुळशीमागे झारीला टेकून बाहुला उभा. "माळी झाला!"

मरीया मग्दालीयेला तो आधी माळी वाटला, ही गोष्ट मी लेकीला गुरुवारी रात्री सांगितली होती. सासूबाई तेव्हा शेजारच्या पलंगावर पाठ करून जप करत होत्या.

मग अंडी शोधली. सातच्या आत आटपलं ते बरं, नंतर गच्चीची फरशी पोळते. रंगवलेल्या पोकळ अंड्यांची एकमेकांवर आपटायची स्पर्धा करू नका, ती उकडलेल्या अंड्यांची असते. दोन ठोक्यांत चार दिवसांचं काम चुरा झालं.

उपासनेनंतर व्हाइट चर्चवरून रिक्षा घेतली, लेकीला ती १८५८ सालची पांढरी इमारत दाखवली, आणि पोहे-जिलबी. इंदूरला रविवार सकाळी दुसरं काय खाणार? दुपारी घरी श्रीखंड-पुरी, मार्झिपॅन. नगरला आई-दादांचं मटण झालं, त्याचा फोटो आला. एवढ्या एका बाबतीत मला माहेर हवं होतं.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. आम्ही कॅथलिक नाही, तरी आईचा फोन आला आणि बराच वेळ त्याच विषयावर बोललो. काल ईस्टरच्या आशीर्वादाला ते सज्जात आले होते.

हिशेब. काजू २६०, अंडी १४४, कोबी ७०, व्हिनेगर ४५, हळीव ४०, करवा ३०, झावळ्या २०, बनचं सामान १९०, लाडू-चिक्की १५०, प्लॅस्टिकची अंडी ३४९, चॉकलेट ४२०. एकूण १,७१८ रुपये. शेवटच्या दोन ओळी नसत्या तर ९४९.

पुढचा ईस्टर ५ एप्रिल २०२६. पाडवा १९ मार्चला येतो, म्हणजे गाठी ताजी मिळेल. हळीव ३० मार्चला पेरायचं. कांद्याची टरफलं फेब्रुवारीपासून साठवायची, कापडी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये ती कुजतात. बदाम घ्यायचे की काजूच, हे सासूबाई ठरवणार आहेत. साचे त्यांनी त्यांच्या कपाटात ठेवले आहेत.